राष्ट्रीय उत्पन्नाच्या खातेवहीत माणसाचे आरोग्य

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण आपल्याकडील अर्थमंत्र्यांना फार सोयीची वाटत आली आहे. सार्वजनिक रुग्णालयांसाठी, प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी, परिचारिकांच्या रिकाम्या जागा भरण्यासाठी पैसा मागितला की, खुर्चीवर पक्ष कोणताही असो, उत्तर ठरलेले असते : आधी उत्पादन वाढू द्या, राष्ट्रीय उत्पन्न वाढू द्या, आड भरू द्या; आरोग्याचे मग पाहता येईल. हा युक्तिवाद वरवर पाहता इतका सरळ आहे की सभेत त्याला उत्तर देताना आपले कार्यकर्तेही अडखळतात. म्हणून त्याची तपासणी थोड्या तपशिलात करणे अगत्याचे आहे.

प्रथम आकडे पाहू. पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्याच कारणाने कोणीही योग्य उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले होते. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०१० पर्यंत देशांतर्गत उत्पादनाच्या २ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. २०१७ च्या धोरणाने अडीच टक्क्यांचे वचन दिले आणि मुदत घातली २०२५ ची. सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे हे प्रमाण २०१३-१४ मध्ये १.१५ टक्के होते. २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोरोनाच्या महामारीने तिजोरीचे झाकण उघडायला भाग पाडल्यानंतर, ते १.८४ टक्के झाले. त्याच वर्षी देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी उपचाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून मोजली. १९९१ नंतरच्या तीन दशकांत देशाचे उत्पन्न कित्येक पटींनी वाढले. आड भरला, आणि पोहरा मात्र दर वेळी अर्धाच वर आला. रहाटावर हात कोणाचा आहे, हा प्रश्न तेथे सुरू होतो.

त्याआधी आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : आड भरला कोणी? या प्रश्नाचे उत्तर शोधायला छत्तीसगडसारखी जागा नाही. प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य रायपूरच्या समता कॉलोनीत आहे. येथून दक्षिणेकडे, बालोद जिल्ह्यात, दल्ली-राजहराच्या लोहखाणी आहेत. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या पोटात पडणारे खनिज दीर्घकाळ प्रामुख्याने याच डोंगरांतून गेले. देशातील रेल्वेचे रूळ कित्येक दशके भिलाईतच ओतले आणि लाटले गेले. मुंबईहून हावड्याला जाणारा वाचक दल्लीच्या डोंगरावरूनच प्रवास करतो, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

स्वातंत्र्योत्तर औद्योगिक विकासाचे याहून गौरवाचे उदाहरण दाखवणे कठीण. पण याच उदाहरणात आरोग्याचे दोन वेगवेगळे हिशेब शेजारीशेजारी मांडलेले दिसतात. भिलाईत, सेक्टर ९ मध्ये, कारखान्याचे मोठे रुग्णालय उभे राहिले. कायम कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला तेथे जी सेवा मिळाली ती त्या काळात मध्य भारतात क्वचितच कोठे मिळत असेल. दल्लीच्या डोंगरात मात्र हजारो कंत्राटी कामगार, पुरुष आणि स्त्रिया, हातांनी खनिज फोडून गाड्यांत भरत होते. खनिज तेच, पोलाद तेच, कारखानाही तोच. परंतु कंत्राटी कामगाराच्या वाट्याला त्या दर्जाची सेवा आली नाही. १९७७ च्या मार्च महिन्यात हे कामगार प्रस्थापित संघटनांवर नाराज होऊन बाहेर पडले आणि शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. त्याच वर्षी जूनच्या आरंभी झालेल्या पोलिस गोळीबारात त्यांच्यातील अकराजण मारले गेले. पुढे संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात पुरेशा उपचारांवाचून दगावल्या. तेव्हा या कामगारांनी ठरवले की रुग्णालय आपणच बांधायचे. जानेवारी १९८२ मध्ये संघटनेच्या आवारातच दवाखाना सुरू झाला, आणि गोळीबाराच्या स्मृतिदिनी, ३ जून १९८३ रोजी, शहीद रुग्णालय उघडले. भिंती कामगारांनी उभारल्या, वर्गणी कामगारांनी दिली, आणि खाणीत घण मारणारे हात शिकून जखमा बांधू लागले, सलाईन लावू लागले. डॉ. विनायक सेन, डॉ. आशिष कुंडू, डॉ. शैबाल जाना यांच्यासारखे डॉक्टर तेथे येऊन राहिले. नियोगींचा २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत खून झाला. रुग्णालय चालूच राहिले.

या संघटनेच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो. येथे तिचा उल्लेख एवढ्यासाठीच की विकास आणि आरोग्य यांचा संबंध तिच्या उदाहरणातून अगदी नागडा दिसतो. कुशल पोलाद कामगार आजारी पडला की भट्टी अडते. त्याला घडवायला वर्षे लागतात, त्याच्या जागी दुसरा सहजी मिळत नाही, आणि त्याच्यामागे संघटनेचे बळ असते. म्हणून त्याच्या आरोग्यावर खर्च होतो. कंत्राटी कामगार दगावला तर फाटकापाशी दुसरा उभाच असतो. बेकारांची राखीव फौज हाताशी असलेल्या देशात भांडवलाला प्रत्येक श्रमिक निरोगी असण्याची गरज नसते. पुरेसे हात मिळत राहिले म्हणजे झाले. विकासाचा दर आठ टक्के असो की दोन टक्के, या गरजेत त्यामुळे फरक पडत नाही.

हे लक्षात घेतले म्हणजे दुसऱ्या एका मांडणीकडे वळता येते, आणि प्रस्तुत लेखाचा खरा रोख तिच्याकडेच आहे, कारण ती आपल्याही निवेदनांत शिरली आहे. ही मांडणी पहिलीच्या उलट दिसते. ‘आधी विकास, मग आरोग्य’ असे ती म्हणत नाही. ती म्हणते, आरोग्यावर पैसा घाला, कारण निरोगी माणूस अधिक उत्पादन करतो. आरोग्य ही गुंतवणूक आहे. जागतिक बँकेने १९८७ साली गरीब देशांना रुग्णालयांत शुल्क बसवण्याचा सल्ला दिला होता. त्याच बँकेने १९९३ च्या आपल्या जागतिक विकास अहवालाला ‘आरोग्यात गुंतवणूक’ असे नाव दिले. २००१ साली जेफ्री सॅक्स यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने हिशेबच मांडला : आयुर्मान दहा टक्क्यांनी वाढले तर आर्थिक वाढीचा वार्षिक दर सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उंचावतो, आणि गरीब देशांत माणशी वर्षाला ३४ डॉलर खर्चले तर अत्यावश्यक सेवा देता येतात. या अहवालाचा उपयोग अनेक देशांतील चळवळींनी केला, आपणही केला. अर्थमंत्र्याशी त्याच्याच भाषेत बोलता येते, हा त्यातला मोह होता.

या मांडणीत तथ्यांश नाही असे मुळीच नाही. मलेरियाचे उदाहरण घ्या. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि सुमारे आठ लाख मरत असत. सार्वजनिक मोहिमेने १९६५ पर्यंत ही संख्या लाखाच्या आसपास आणली, आणि हिमालयाच्या पायथ्याची तराई, जेथे शेतकरी पाय ठेवायला धजत नव्हता, लागवडीखाली आली. पुढे मोहीम ढिली पडली, आणि १९७६ मध्ये रुग्णांची नोंद चौसष्ट लाखांवर गेली. तापाने फणफणलेला माणूस नांगर धरू शकत नाही, हे समजायला अर्थशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही.

पण हाच युक्तिवाद पायाभूत मानला की तो कोठे नेतो ते पाहा. जून १९६५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या वर्धापनदिनी सॅनफ्रान्सिस्को येथे सांगितले की, लोकसंख्या नियंत्रणावर खर्चलेले पाच डॉलरसुद्धा आर्थिक वाढीसाठी गुंतवलेल्या शंभर डॉलरांच्या तोडीचे आहेत. दरडोई उत्पन्न वाढवण्याचे दोन मार्ग असतात, उत्पन्न वाढवणे किंवा डोई कमी करणे, दुसरा स्वस्त. याच हिशेबाने आपल्या देशात आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आणि हा हिशेब आणीबाणीबरोबर संपला असे कोणी समजू नये. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूरजवळ, पूर्वी रुग्णालय म्हणून वापरात असलेल्या एका ओसाड इमारतीत, एकाच शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ स्त्रियांवर नसबंदीची शस्त्रक्रिया केली. त्या दिवसांत भरलेल्या शिबिरांतील तेरा स्त्रिया मरण पावल्या. औषध भेसळीचे होते की जंतुसंसर्ग झाला, यावर पुढे वाद झाले, चौकशी आयोग बसला. एका दिवसात ८३ हा आकडा मात्र औषधातून आलेला नव्हता. तो उद्दिष्टाच्या तक्त्यातून आला होता. आरोग्य खात्याच्या खर्चात त्या शिबिराची नोंद झाली असणार, आणि विकासाला पूरक खर्च म्हणूनच झाली असणार.

महाराष्ट्रातील वाचकांना याहून जवळचे उदाहरण ठाऊक आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे २०१९ साली उजेडात आले. शासनाने केलेल्या पाहणीत गर्भाशय काढलेल्या स्त्रियांची संख्या तेरा हजारांहून अधिक निघाली. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल. आणि एक दिवस काम बुडाले की खाडा, म्हणजे दंड. फडात पाणी नाही, आडोसा नाही. पाळी, पांढरे जाणे, पोटदुखी यांनी काम बुडते. तेव्हा पिशवीच काढून टाका, असा सल्ला खासगी दवाखान्यात मिळतो, आणि कर्ज काढून ती काढली जाते. आरोग्यखर्चाने उत्पादकता वाढते, या सिद्धांताचा एवढा रोखठोक दाखला अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. स्त्रीचे शरीर बिघडले आणि कारखान्याचे गाळप वेळेवर झाले. सॅक्स आयोगाला अर्थातच हे अभिप्रेत नव्हते. परंतु गुंतवणुकीचा परतावा कोणाच्या हातात पडायचा हे ज्या समाजात आधीच ठरलेले आहे, तेथे ‘आरोग्य ही गुंतवणूक’ हे वाक्य मालकाच्या तोंडी गेले की त्याचा हा अर्थ होतो.

येथे भाषांतराचे काम करणाऱ्याला एक गोष्ट सुचवावीशी वाटते. आपल्या हाती येणाऱ्या इंग्रजी दस्तऐवजांतील शब्दाला येथे रायपुरात हिंदीत ‘व्यय’ म्हणतात आणि मराठीत आपण ‘खर्च’ म्हणतो. दोन्ही शब्दांत काहीतरी हातचे गेल्याची भावना आहे. अपव्यय, अनाठायी खर्च हे त्यांचे सख्खे भाऊ. आणि ही निव्वळ शब्दांची कसरत नव्हे. सरकारी हिशेबात रुग्णालयाची इमारत हा भांडवली खर्च धरतात. त्या इमारतीत रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेचा पगार हा महसुली खर्च. वित्तीय जबाबदारीचा केंद्रीय कायदा २००३ साली झाला, आणि पाठोपाठ, बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार कर्जसवलत हवी असेल तर महसुली तूट शून्यावर आणा, अशी अट राज्यांवर आली. परिणाम असा की इमारत बांधणारे सरकार काटकसरी ठरते आणि परिचारिका नेमणारे सरकार उधळे. खेडोपाडी रंग लावलेली, कुलूपबंद आरोग्य केंद्रे आपण पाहतो तेव्हा निष्काळजीपणाला शिव्या देतो. त्या कुलपामागे हा हिशेबाचा नियमही उभा आहे.

कायम जागा भरायच्या नाहीत म्हणून मग कंत्राट. ऑगस्ट २०२५ मध्ये छत्तीसगडात राष्ट्रीय आरोग्य अभियानातील सोळा हजारांच्या आसपास कंत्राटी कर्मचारी सेवेत कायम करण्याची मागणी घेऊन बेमुदत संपावर गेले आणि तो संप महिनाभर चालला. दल्लीच्या डोंगरात १९७७ साली जो प्रश्न खनिज फोडणाऱ्याचा होता, तो आज इंजेक्शन देणाऱ्याचा झाला आहे.

खर्च वाढला की आरोग्य वाढले, असे तरी म्हणता येते काय? समता कॉलोनीत राहून तसे म्हणण्याचे धाडस होत नाही. (वसाहतीला हे नाव ज्यांनी दिले त्यांच्या हेतूविषयी शंका नाही, आपल्या शहरांत समता ही बहुधा पाटीवरच राहते.) रायपूरच्या या भागात दवाखाने, तपासणीच्या प्रयोगशाळा आणि औषधांची दुकाने यांची वाण नाही, बालोद, गरियाबंद, अगदी ओडिशातल्या कालाहांडीकडून माणसे आपली आजारी माणसे घेऊन या शहरात उतरतात. मध्यंतरी शेजारी धुणीभांडी करणाऱ्या एक बाई एक कागद घेऊन आल्या. सुनेचे बाळंतपण विम्याच्या कार्डावर झाले होते, तरी काही हजार रुपये रोख घेतले होते, आणि इंग्रजीतला तो कागद मला वाचता येईल अशी त्यांची समजूत होती. “भैया, कारड म तो सब्बो फोकट रहिस न?” त्यांनी विचारले. कागदावर ‘इतर’ या सदराखाली एक रक्कम होती; त्या शब्दाचे भाषांतर मी त्यांना सांगितले. त्याहून अधिक त्या कागदात काही नव्हते. त्या रकमेसाठी पायांतले चांदीचे तोडे गहाण पडले होते.

ही एकट्यादुकट्याची कहाणी असती तर येथे लिहिली नसती. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना २००८ मध्ये आली, कुटुंबाला वर्षाला तीस हजार रुपयांपर्यंतचे संरक्षण. छत्तीसगडने २०१२ मध्ये ती उरलेल्या कुटुंबांनाही लागू केली. त्याच वर्षी, २०१२ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात, राज्यात ‘गर्भाशय कांड’ उघडकीस आले : कर्करोगाची भीती घालून खासगी रुग्णालयांनी गरीब स्त्रियांची गर्भाशये काढली होती आणि विम्याचे पैसे उचलले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये पाच लाख रुपयांची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली. रायपूरच्या राज्य आरोग्य संसाधन केंद्रातील संशोधकांनी घरोघरच्या पाहण्यांच्या आधारे २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की या योजनेत नाव असल्याने लोकांचा खिशातून होणारा खर्च घटल्याचे आढळत नाही. खिशातला खर्च कमी आढळतो तो सार्वजनिक रुग्णालयात. रायपूरच्या मेकाहारात, म्हणजे डॉ. आंबेडकर रुग्णालयात, रांग लांब असते, खाट मिळणे कठीण असते, नातेवाईक फरशीवर झोपतात. तरीही गरिबाला कर्जबाजारी न होता बाहेर पडण्याची शक्यता अशाच ठिकाणी असते.

आता या साऱ्याची नोंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या खातेवहीत कशी होते? अनावश्यक शस्त्रक्रियेचे बिल ही सेवा क्षेत्रातील वाढ. गहाण तोड्यांवरचे व्याज ही वित्तीय सेवा. ज्या बाळंतपणात काहीच बिघडले नाही, जो ताप मच्छरदाणीमुळे आलाच नाही, त्यांची नोंद कोठेच नाही. आरोग्यखर्च आणि आर्थिक वाढ यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून त्यांचा ‘घनिष्ठ संबंध’ दाखवणारे लेख वाचताना हे विसरू नये, की आरोग्यखर्च हा राष्ट्रीय उत्पन्नाचाच एक भाग म्हणून मोजला जातो. एक वाढले की दुसरे काही अंशी आपोआप वाढणारच. माणूस बरा झाला काय आणि मेला काय, बिल वाढीतच जमा होते.

जगाचा अनुभवही या दोघांत यांत्रिक संबंध दाखवत नाही. सॅम्युएल प्रेस्टन यांनी १९७५ मध्ये दाखवले की विसाव्या शतकातील आयुर्मानाची वाढ फार थोड्या अंशी उत्पन्नाच्या वाढीतून आली. दुसरीकडे, असिमोग्लू आणि जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांना २००७ मध्ये असे आढळले की १९४० नंतर औषधे व जंतुनाशकांमुळे ज्या देशांत आयुर्मान झपाट्याने वाढले, तेथे दरडोई उत्पन्न त्यामुळे वाढल्याचे दिसत नाही. हा निष्कर्ष अनेकांनी खोडायचा प्रयत्न केला आहे. पण क्षणभर तो खरा धरा. मग काय, ती मुले वाचवायला नको होती? आरोग्याची मागणी परताव्यावर उभी केली की परतावा नसल्याचे सिद्ध होताच ती कोसळते. आपल्या निवेदनांतून ‘निरोगी कामगार अधिक उत्पादन करतो’ हे वाक्य काढून टाकावे असे मी म्हणतो ते यासाठी.

केरळचे दरडोई उत्पन्न १९७० च्या दशकात देशाच्या सरासरीहून कमी होते आणि त्याचे बालमृत्यूचे प्रमाण तेव्हाही देशात सर्वांत खालच्यांपैकी होते. उत्पन्न पुढे वाढले, बरेचसे परदेशी गेलेल्या मल्याळी श्रमिकांनी पाठवलेल्या पैशातून. आधी आरोग्य, शाळा आणि जमीनसुधारणा आल्या होत्या. चीनची कथा अधिक बोधप्रद आहे, आणि आपल्या वाचकांनी ती डोळे उघडे ठेवून वाचली पाहिजे. १९७० च्या दशकात तेथील सुमारे नव्वद टक्के खेड्यांत सहकारी वैद्यकीय योजना आणि अनवाणी डॉक्टर होते. १९८० नंतर कम्यून विसर्जित झाले, आर्थिक वाढीने जगाचे डोळे दिपवले, आणि काही वर्षांतच त्या योजना पाच टक्क्यांच्या आसपास खेड्यांत उरल्या. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी दाखवून दिले की आर्थिक वाढीच्या त्या भरात आयुर्मानाची प्रगती मात्र मंदावली. २००३ मध्ये सार्सची साथ आली आणि त्याच वर्षी चीनला ग्रामीण सहकारी योजना नव्याने उभारायला घ्यावी लागली. श्रीलंकेने दोन टक्क्यांच्या आतबाहेर सरकारी खर्चात मोफत रुग्णालये चालवून माता आणि बालकांचे मृत्यू अशा पातळीवर आणले की आपण लाजावे. तथापि २०२२ मध्ये परकीय चलन संपले तेव्हा त्याच रुग्णालयांत औषधे मिळेनाशी झाली. म्हणजे आड कोरडा पडला तर पोहऱ्यात काही येत नाही, हेही खरे. अर्थव्यवस्थेकडे पाठ फिरवून आरोग्यव्यवस्था टिकत नाही. आमचे म्हणणे एवढेच की आड भरला तरी ती आपोआप उभी राहत नाही.

मग कोणता खर्च? बिलासपूर जिल्ह्यातील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था गेली पंचवीस वर्षे ग्रामीण आणि आदिवासी रुग्णांवर उपचार करीत आहे. तेथील क्षयरुग्णांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. निदानाच्या वेळी निम्म्या पुरुषांचे वजन ४२ किलोंच्या आसपास किंवा त्याहून कमी होते. निम्म्या स्त्रियांचे ३४ किलो किंवा त्याहून कमी. सिमेंटची गोणी ५० किलोंची असते. छत्तीसगड हे सिमेंटचे मोठे उत्पादक राज्य आहे, आणि बांधकामावर अशा गोण्या कोण उचलते हे सांगायला नको. त्याच संशोधकांपैकी काहींनी पुढे झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊन पाहिल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की त्या घरांत नव्याने होणारा क्षय ३९ टक्क्यांनी घटला, आणि थुंकीत जंतू सापडणारा, म्हणजे दुसऱ्याला लागणारा क्षय ४८ टक्क्यांनी. तांदूळ आणि डाळ आरोग्यखर्चाच्या सदरात येत नाहीत. छत्तीसगडने २०१२ मध्ये स्वतःचा अन्न सुरक्षा कायदा केला तो अन्न खात्याच्या हिशेबात जातो. क्षयाच्या औषधांचा खर्च दुसऱ्या खात्यात, आणि ३४ किलोंची ती स्त्री कोणत्याच खात्यात नाही. गुंतवणूक म्हणून तिच्याकडे पाहणारा कोणी हिशेबनीस तिच्यावर पैसा घालणार नाही. तिच्याहून कमी खर्चात दुसरा मजूर मिळतो.

मितानिनचेही असेच. राज्याची स्थापना नोव्हेंबर २००० मध्ये झाली, त्या साली येथे हजारी ७९ अर्भके वर्ष पुरे होण्याआधी मरत होती. २००२ मध्ये मितानिन कार्यक्रम सुरू झाला : पाड्यापाड्यातून लोकांनी निवडलेली एक स्त्री, आज अशा सत्तर हजारांच्या आसपास. देशभरच्या ‘आशा’ योजनेला २००५ मध्ये हाच नमुना मिळाला. २०२० मध्ये छत्तीसगडचा अर्भकमृत्युदर ३८ वर आला. देशाचा तेव्हा २८ होता, महाराष्ट्राचा १६, केरळचा ६. ही घट सर्वस्वी मितानिनमुळे झाली असे म्हणणे अशास्त्रीय होईल. पण ओआरएसची पुडी घेऊन रात्री दार ठोठावणारी, बाळंतिणीला गाडीत बसवून नेणारी ती बाई या घटीतून वगळताही येणार नाही. तिला पगार नाही, कामागणिक प्रोत्साहन रक्कम आहे. खातेवहीत ती कर्मचारीच नाही.

आता आडाकडे परत येऊ, कारण छत्तीसगडात आणि गडचिरोलीत आड म्हणजे खाण. २०१५ च्या कायद्यानुसार खनिज जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. खाणमालकाने स्वामित्वशुल्काच्या प्रमाणात त्यांत पैसा भरायचा आणि पहिल्या नियमांप्रमाणे त्यातील किमान ६० टक्के पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांवर खर्चायचा. बस्तरच्या बिजापूरमध्ये या निधीतून जिल्हा रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टर नेमण्यात आले, आणि जेथे साध्या सिझेरियनसाठी बाईला शेकडो किलोमीटर हलवावे लागे तेथे शस्त्रक्रियागृह चालू झाले. नेमणुका कंत्राटी होत्या, ही त्यातली मोठी उणीव. तरीही या निधीतून डॉक्टर आणि परिचारिकांचे पगार देता येतात, हे त्यामुळे सिद्ध झाले; कमानी, दुभाजक आणि सभागृहे यांवरच तो खर्चावा असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

सुरजागडच्या डोंगरातून आज लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावत आहेत. गडचिरोलीतील, चंद्रपुरातील आणि यवतमाळच्या वणीतील आपल्या शाखांनी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचे वार्षिक हिशेब मागवावेत. किती रक्कम जमा झाली, त्यातील किती इमारतींवर गेली आणि किती परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ व आशा यांच्या हाती पगार म्हणून पडली, हे तालुकावार विचारावे. आणि जेथे केंद्र बांधून कुलूप लावले आहे, तेथील ग्रामसभेचा ठराव सोबत जोडावा.